भिंत ओतायच्या आधी एक नळी मागून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री नऊच्या सुमाराला एकच प्रश्न येतो, 'नेट गेलं का?' दोन मिनिटांत पंधरा उत्तरं. कुणाचं 'आमचंही', कुणाचं 'आमचं चालू', कुणी नुसतेच हात जोडलेले. मग जो तो उठतो, राउटरची पिन काढतो, दहापर्यंत आकडे मोजतो, पिन परत लावतो. साडेनऊला पुन्हा तोच प्रश्न. वर्षभर मीही हेच केलं. मला त्याची इतरांपेक्षा जास्त लाज वाटायला हवी, कारण माझी अख्खी नोकरी फॉल्ट शोधण्यातच झाली.

मी टेलिफोनचा केबल जॉइंटर. १९८४ साली खात्यात लागलो, १९८६ साली मुंबई-दिल्लीचं महानगर टेलिफोन निगम झालं, आणि ३१ जानेवारी २०२० ला हजारोंबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो. पावसाळ्यात चेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून बाराशे जोड्यांच्या केबलमधून भिजलेली एक जोडी हुडकायची, हे आमचं काम. गिऱ्हाईक १९८ फिरवून 'फोन डेड आहे' एवढंच सांगायचं. डेड कुठे, ते आम्ही काढायचं. त्याची रीत साधी होती, लाइनचे तुकडे पाडायचे. एक्स्चेंजमध्ये तपास, पिलरला म्हणजे रस्त्यावरच्या केबलच्या कपाटाला तपास, डीपीला म्हणजे घराजवळच्या वाटपाच्या पेटीला तपास, मग घरात शीर. पिलरला टोन मिळाला की मागचं सगळं निर्दोष, फॉल्ट पुढे. अख्खी केबल बदलून टाका असं कुणी म्हणालं असतं तर साहेबाने त्याला हाकलला असता.

'वायफाय गेलं' हे आजचं 'फोन डेड आहे'. फोन, हवा, राउटर आणि बाहेरून येणारी लाइन, असे त्यात चार तुकडे आहेत आणि चारांपैकी कुठेही काहीही बिघडलं तरी आपण एकच वाक्य बोलतो. कस्टमर केअरचा मुलगाही त्याला एकच उत्तर देतो, 'सर, राउटर रिस्टार्ट करून बघा.' ते पुष्कळदा लागूही पडतं. राउटरची साठलेली जळमटं निघतात, फोनला नवा पत्ता मिळतो, तासभर बरं चालतं. आणि फॉल्ट जिथल्या तिथे राहतो.

आमच्या घरातला फॉल्ट जिथे निघाला त्यासाठीच हे पत्र लिहितोय. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त शेवटची नळीची गोष्ट तेवढी ठेवा.

आम्ही मूळचे काळाचौकीच्या चाळीतले. चाळ पडली, संक्रमण शिबिरात सात वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी सतराव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीतल्या खोलीला मध्ये लाकडी पार्टिशन होतं. संक्रमण शिबिरात पोराने वायफाय घेतलं, तेव्हा शेजारच्या तीन घरांत ते जायचं आणि पासवर्ड विचारायला रोज कुणीतरी यायचं. नव्या घरात पलंगावर बसलो की आमचंच वायफाय आम्हाला मिळेना. घर चारशे फुटांचं, राजवाडा नव्हे! सूनबाई आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटला की ती लॅपटॉप उचलून दाराकडे धावायची आणि चपलांच्या रॅकशेजारी स्टुलावर बसून साहेबाशी बोलायची. मोबाईल डेटा वापरावा म्हटलं तर गणपतीचे दहा दिवस लालबागच्या गर्दीत तो नावालाच असतो.

शेवटी एका रविवारी मी चष्मा पुसला आणि तुकडे पाडायला बसलो.

पहिला तपास दोन फोनचा. एकाच जागी दोन फोन शेजारी ठेवायचे. दोन्ही अडले तर दोष फोनचा नाही. एकच अडला तर राउटरला हात लावायचा नाही. आमच्याकडे राउटरपासून दोन हातांवर माझा फोन व्यवस्थित चालत होता आणि सौ.च्या फोनवर सिग्नलच्या तेवढ्याच काड्या दिसत असून 'इंटरनेट नाही' असं येत होतं. वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावला, तरी तेच. म्हणजे वायफायचा संबंधच नाही. फोन उघडून एकेक सेटिंग बघत गेलो तेव्हा 'प्रायव्हेट डीएनएस' या जागी कसलासा पत्ता भरलेला दिसला. नातवाने जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून आजीच्या फोनात तो कधीतरी घातला होता आणि विसरला होता. डीएनएस म्हणजे आमच्या वेळचं १९७. आपण नाव सांगायचं, पलीकडून नंबर मिळायचा. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून हे १९७ आपल्याला हवं ते निवडता येतं, पण निवडलेल्या ठिकाणी कुणी फोन उचलला नाही तर लाइन साफ असूनही कुठलीच साइट उघडत नाही. सेटिंग 'ऑटोमॅटिक' केलं आणि सौ.चं कीर्तन सुरू झालं. 'एवढंच होतं तर वर्षभर काय करत होतात?' असं तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

फोनच्या बाबतीत एक चूक मीही केली होती, ती सांगतो. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा, सगळं ठीक होतं.' मी केलं. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि ब्लूटूथच्या जोड्याही सुटतात. माझं कानाचं मशीन फोनला जोडलेलं होतं, तेही सुटलं आणि दोन दिवस मी कुणाचा फोनच ऐकला नाही. रिसेट हा शेवटचा इलाज. आधी त्या एका वायफायच्या नावावर बोट ठेवून 'फर्गेट' करायचं आणि पासवर्ड नव्याने घालायचा. राउटरचा पासवर्ड बदलला असेल किंवा फोन जुनाच पत्ता धरून बसला असेल तर तेवढ्याने भागतं. आणखी एक, वायफाय कमजोर झालं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो. आयफोनमध्ये त्याला वायफाय असिस्ट म्हणतात, इतर फोनांत वेगवेगळी नावं. सूनबाईचा दिवसाचा दीड जीबी दुपारपर्यंत कुठे जातो याचा उलगडा तिथे झाला. बाराव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर राउटरमध्ये ठरावीक फोनांचीच यादी घालून ठेवली होती. हल्लीचे फोन राउटरला आपला खरा ओळख-आकडा न देता बनावट देतात, तो यादीत कुठून सापडणार? यांचा नवा फोन त्यांच्याच घरात परका ठरला.

दुसरा तपास लाइनचा. फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता घालायचा. तो राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आकडे इंग्रजीतून घालायचे. राउटरचं पान झटकन उघडलं आणि बाहेरची एकही साइट उघडली नाही, तर फोन ते राउटर हा तुकडा साफ आहे, फॉल्ट राउटरच्या पलीकडे. लोकांची फसगत होते ती इथेच. फोनवरच्या काड्या म्हणजे राउटरचा आवाज तुम्हाला किती स्पष्ट ऐकू येतो, एवढंच. राउटरकडे सांगण्यासारखं काही आहे का, ते काड्यांवरून कळत नाही.

आमच्याकडे हे पान उघडायचं, बाहेरच्या साइट मात्र कधी उघडायच्या, कधी नाही. गंमत म्हणजे दिवसभर लाइन चालायची आणि संध्याकाळी सातच्या पुढे मरायची. ग्रुपवरचे लोक म्हणत, रात्री गर्दी असते. असते, पण सातला? मी तीन दिवस वहीत वेळा लिहिल्या. ६:५५, ७:०५, ७:००. चौथ्या दिवशी वही घेऊन दाराशीच बसलो.

आता ती जागा कशी आहे ते सांगतो. बिल्डरने मुख्य दाराच्या मागे, विजेच्या बटणांच्या मुख्य पेटीखाली, एक पत्र्याची पेटी भिंतीत बसवून दिली आहे. तिला पत्र्याचंच झाकण. बाहेरच्या डक्टमधून येणारी फायबर तिथे निघते, प्लगही तिथेच. घराचा ताबा देताना सुपरवायझरने पेटी थोपटून सांगितलं होतं, 'काका, राउटर इथे मस्त बसेल.' कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने तो तिथे बसवला. त्याच्यापुढे चपलांचा रॅक आला. पेटीचं झाकण दिवसभर अर्धवट उघडं असायचं, कारण अॅडाप्टर जाडा, ते पुरतं मिटत नसे.

सातला सौ. देवापुढे दिवा लावायला उठली. दिवा लावायच्या आधी तिने दारापाशी केर काढला, चपला नीट लावल्या आणि तळहाताने दाबून पेटीचं झाकण बंद केलं. उघड्या वायरी दिवेलागणीला बऱ्या दिसत नाहीत म्हणून. मी वहीत वेळ लिहिली, ७:०२. आतल्या यंत्रावर लाल दिवा लुकलुकू लागला.

दुसऱ्या दिवशी लाइनवाल्या मुलाला बोलावलं. त्याच्याकडे हातात मावणारं प्रकाश मोजायचं मीटर होतं. झाकण उघडं असताना मीटरवर उणे २१ आलं. मी म्हटलं, 'आता झाकण दाब.' त्याने दाबलं. उणे २९. 'काका, सत्तावीसच्या खाली बॉक्स पकडत नाही,' तो म्हणाला आणि वाकून बिजागरीपाशी टॉर्च मारला. फायबरची पिवळी दोरी झाकणाच्या कडेत सापडून इंग्रजी व्हीसारखी दुमडली होती. झाकण उघडलं की सैल, मिटलं की घडी. तांब्याची जोडी कशीही वाकवली तरी आवाज जायचा, तीस वर्षं आम्ही ती खिळ्यांना गुंडाळली. फायबर आतून काचेची, काचेला घडी चालत नाही, वळणावर प्रकाश बाहेर पडून जातो. काच तुटलेली नव्हती, म्हणून फॉल्ट येत-जात होता. येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टसारखा छळवादी फॉल्ट नाही, हे कुठलाही जॉइंटर सांगेल.

मुलाने दोरी मोठ्या वळणाने बाहेर काढली, राउटर पेटीच्या बाहेर रॅकवर ठेवला. मी त्याला चहा पाजला. तो म्हणाला, या इमारतीत आठ घरांत राउटर अशाच पेटीत आहेत, झाकण लावून. पत्र्याच्या डब्यात रेडिओ ठेवून वर झाकण लावावं आणि गाणं का ऐकू येत नाही म्हणावं, तसं हे.

लाइन सुधारली, पण पलंगावर तरीही रड होतीच. उरला होता हवेचा तुकडा.

नातवाने फोनवर वायफायचा जोर मोजणारं अॅप घेतलं. त्यातही मायनसचेच आकडे, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. आम्ही दोघे फोन तळहातावर धरून घरभर हिंडलो, तो आकडे सांगणार, मी वहीत लिहिणार. रॅकपाशी उणे ३५. हॉलमध्ये ५८. बेडरूमचं दार उघडं ठेवून ७२, लोटलं की ८१. सत्तरच्या पुढे बोलणं तुटायला लागतं. चारशे फुटांत एवढं गळतं कसं? भिंती. नव्या टॉवरला मिवान पद्धत वापरतात. अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात. विटेची भिंत जवळपास नाहीच, आतली भिंतही लोखंडी सळ्यांच्या जाळीसकट काँक्रीटची. भूकंपाला उत्तम, खिळा ठोकायला वाईट, वायफायला त्याहून वाईट.

त्याच अॅपमध्ये शेजाऱ्यांचे राउटरही दिसतात. आमच्या हॉलमध्ये बसून सत्तावीस नावं मोजली. जवळजवळ सगळी २.४ गिगाहर्ट्झवर. या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांच्या अंगावर इतके चढलेले की १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना धक्का न लावता चालतात. चाळीतल्या सामाईक नळाच्या तीन तोट्या आणि सत्तावीस बादल्या. रात्री नऊला घरोघरी मालिका सुरू झाल्या की पाणी कुठे येणार? त्यात हा पट्टा मायक्रोवेव्हचाही. सौ.ने दूध तापवायला लावलं की सूनबाईचा चेहरा स्क्रीनवर थिजायचा, दोन मिनिटांनी ठोका पडला की पुन्हा हलायचा. मला वाटायचं, हा योगायोग.

दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. आपल्याकडे २०१८ साली तो वायफायला मोठ्या प्रमाणावर परवान्याविना मोकळा झाला. तिथे जागा ऐसपैस, मायक्रोवेव्हचा त्रास नाही, वेगही जास्त. पण २.४ची लाट असते साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वितीच्या थोडी वर. ५ची लाट चार बोटांहूनही कमी, आणि ती भिंतीपुढे लवकर हार मानते. आमच्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं, फोन आपल्या मर्जीने कुठलाही धरायचा. राउटरच्या पानावर जाऊन मी दोन नावं वेगळी केली. हॉलमध्ये बसलात तर ५वालं घ्या, आत असाल तर २.४वालं. २.४चा चॅनेल 'ऑटो'वरून काढून ११वर ठेवला, कारण त्यावर आमच्या बाजूला गर्दी कमी दिसली. तुमच्याकडे दुसरा असेल, बघून ठरवा.

याने हॉल सुधारला. बेडरूमला मात्र राउटर घराच्या मध्यावर आणण्यावाचून इलाज नव्हता. मध्यावर आणायचा तर वायर हवी. वायरीला भिंतीत खाचा मारू म्हटलं तर सोसायटीने साफ नाही म्हटलं आणि त्यांचं बरोबर आहे. मिवानची भिंत इमारतीचं वजन पेलते, तिला छिन्नी लावायची नसते. शेवटी पोराने दारापासून हॉलच्या कोपऱ्यापर्यंत स्कर्टिंगवरून पांढरी चपटी केबल चिकटवत नेली आणि तिथे दुसरा राउटर बसवला. अकरा मीटर केबल लागली. बेडरूममध्ये आता उणे ६१. केर काढताना झाडू दर वेळी केबलला अडकतो आणि सौ. दर वेळी काहीतरी बोलते.

संपादक महाशय, मूळ मुद्दा हा आहे. काँक्रीट ओतायच्या आधी, सळ्या बांधलेल्या असताना, त्या पेटीपासून हॉलच्या मध्यापर्यंत पीव्हीसीची एक रिकामी नळी कुणी टाकली असती आणि टोकाला एक प्लग दिला असता, तर हे काहीच करावं लागलं नसतं. पंख्याची नळी टाकतात, एसीची टाकतात, टीव्हीची टाकतात. ही का नाही? कारण कुणी मागितली नाही. आमच्या पुनर्विकास समितीत मीही होतो. तीन वर्षं आम्ही कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी, भाडं, पार्किंग आणि टाइल्सच्या रंगावर भांडलो. आयुष्यभर लाइनी टाकणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराची लाइन कुठून येणार हे विचारलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इमारतींना डिजिटल जोडणीचं मानांकन देण्यासाठी २०२४ साली विनियम काढले आहेत. म्हणजे वर कुणाला तरी हे सुचलेलं आहे. पण चाळीच्या भाडेकरूंच्या करारात त्यातलं काही आपसूक उतरत नाही, ते तिथे लिहूनच घ्यावं लागतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी, आमच्या शेजारचं अभ्युदयनगर, गिरगावातल्या एकेक वाड्या, सगळीकडे पुनर्विकासाचा विषय आहे. आपल्या पुनर्विकासाच्या सदरात एवढं छापा. राउटरची जागा घराच्या मध्यावर, पत्र्याच्या पेटीत नाही, तिथपर्यंत रिकामी नळी, आतून ओढायची तार घातलेली, आणि शेजारी विजेचा प्लग. हे विजेच्या नकाशात दिसलं पाहिजे आणि नमुना फ्लॅटमध्ये टॉर्च मारून बघितलं पाहिजे. स्लॅब पडल्यावर बोलून उपयोग नाही.

काल रात्री नऊला ग्रुपवर नेहमीचा प्रश्न आला, नवव्या मजल्यावरून. मी विचारलं, दुसऱ्या फोनवर चालतंय का? बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, 'काका, मिसेसच्या फोनवर पण नाही.' मी विचारलं, राउटर कुठे आहे? त्यांनी फोटो पाठवला. पत्र्याची पेटी, वर गणपतीचा स्टिकर, झाकण घट्ट मिटलेलं.

सकाळी टॉर्च घेऊन जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
काळाचौकी, मुंबई